चित्रात न आलेली चांदीची डबी

नायगावहून सकाळची पहिली नांदेड गाडी पकडली, तेव्हा माझ्याकडे खांद्याला एक पिशवी होती आणि हातात छातीला लागेल एवढा पीव्हीसी पाइप. बोअरला घालतात तसला जाड, दोन्ही तोंडांना गोणपाट बांधलेला. आत माझंच एक जुनं तैलचित्र होतं, चौकटीवरून उतरवून गुंडाळलेलं. पण दुष्काळाच्या वर्षी आमच्या भागात पाइप घेऊन निघालेल्या माणसाला चित्रकार कोण समजणार?

"मामा, ह्याचं अर्धं तिकीट लागतंय," कंडक्टर म्हणाला.

"लावा."

"बोअर घेतला का घ्यायचाय?"

मी नुसती मान हलवली. त्याला हवा तो अर्थ त्यानं घेतला. "एक सांगू का, नका घेऊ. आमच्या सासऱ्यानं चार पाडले. चारीत फुफाटा (धूळ). आता पाचव्याच्या गोष्टी करून राहिलाय गडी. सासूबाई म्हनली, पुढचा मशिनीनं पाडू नका, मी डोकं आपटून पाडते."

मागच्या सीटा हसल्या. मीही हसलो आणि पाइप पायांमध्ये घट्ट धरून खिडकीबाहेर पाहत बसलो. बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं. कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या, उघडी रानं, रस्त्याच्या कडेला टँकरची वाट पाहणाऱ्या रिकाम्या घागरींची रांग. घागरी नंबराला लावून माणसं सावलीला गेलेली.

मी नायगावला शाळेत चित्रकला शिकवतो. पन्नाशी मागं पडली. बोलणारा माणूस मी नाही. बायको म्हणते, तुमच्या पोटातलं काढायला डॉक्टर लागंल. निघालो होतो किल्लारीच्या बाजूला, भूकंपानंतर नव्यानं वसवलेल्या एका गावाला. गावाचं नाव लिहीत नाही. ज्यांच्याबद्दल लिहिणार आहे, ती माणसं तिथंच राहतात. त्या गावानं एक सभागृह बांधलं होतं. माझं भूकंपावरचं चित्र तिथं लावावं, असं सरपंचांच्या मनात आलं. त्यांनी चित्राचा फोटो गावाच्या मोबाइल ग्रुपवर टाकला आणि दोनच दिवसांनी मला एका बाईचा फोन आला.

"सर, म्या महानंदा बोलतेय. चित्रात पुढं सरणावर माणूस हाय ना, ते आमचे अप्पा हायत. वडील."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मला एवढंच सांगा, तुमी त्यांना बघून काढलं का मनानं काढलं? कारण अप्पांना जाळल्यालं न्हाई. आमच्यात पुरतात. शेतात त्यांची समाधी हाय. दर सोमवारी मी बेल वाहते तिथं."

"मी येतो," मी म्हणालो. "समोर बोलू."

हे उत्तर नव्हतं, हे तिलाही कळलं असणार. पण तिनं फोन ठेवताना "या" म्हटलं.

नांदेडला गाडी बदलायला वेळ होता. पुलावरून गोदावरी पाहिली. घाटाखालचं पाणी हिरवं पडून एका जागी थांबलं होतं आणि उरलेल्या पात्रात पोरांनी क्रिकेटची खेळपट्टी आखली होती. स्टँडबाहेर एका गाड्यावर सुशीला (भिजवलेल्या मुरमुऱ्यांना फोडणी देऊन केलेला आमच्याकडचा नाश्ता) खाल्ला. याच शहरात एका संस्थेच्या दालनात माझं चित्र वर्षानुवर्षं टांगलेलं होतं. त्याच्यामुळंच मला लोक ओळखतात. त्याला बक्षीस मिळालं, त्याच्यावर भाषणं झाली. लातूरच्या गाडीत बसेपर्यंत मला त्या भाषणांमधली वाक्यं आठवत राहिली, आणि लोहा मागं पडल्यावर त्यांच्या खालचं सगळं. ते इथं लिहून टाकतो.

भूकंप झाला, तेव्हा मी तिशीच्या आत होतो. नायगावहून एका ट्रकमध्ये आम्ही काही तरुण तिकडं गेलो. माळवदाच्या (मातीच्या सपाट छताच्या) घरांच्या दगडमातीच्या भिंती हातभर रुंद, त्या झोपलेल्या माणसांवर आल्या होत्या. वरून पाऊस. आमच्या टोळीकडं काम आलं सरणांचं. लाकूड नव्हतं, म्हणून पडक्या घरांचीच दारं, तुळया, खुंट्या ओढून आणायच्या, त्यावर माणसं ठेवायची, डिझेल ओतायचं. नक्षीच्या चौकटीसुद्धा आम्ही जाळल्या. ओळख पटायची वाट कुणी पाहत नव्हतं, पाहता येतही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका दाराच्या फळीवरून एक म्हातारा आला. पांढऱ्या मिशा, डाव्या भुवईखाली चिखल, चेहरा अगदी शाबूत. धोतराची गाठसुद्धा सुटलेली नव्हती. आणि उघड्या छातीवर, गळ्यातल्या दोऱ्यात, चांदीची छोटी डबी.

ती डबी काय असते, हे मला ठाऊक होतं. नायगावला मी एका लिंगायत वाण्याच्या घरी भाड्यानं राहत होतो. मालक रोज सकाळी डबीतलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करत. त्याशिवाय चहाला हात लावत नसत. त्यांचे वडील गेले तेव्हा त्यांना बसवून, सजवून, भजन म्हणत मिरवत नेलं होतं. मीही खांदा दिला होता. खड्ड्यात त्यांना तसंच बसवलं, हातात लिंग दिलं, आणि मग माती. या लोकांना जाळत नाहीत, हे आमच्या टोळीत मला पक्कं माहीत होतं. एवढंच बोलायचं होतं: हे लिंगायत आहेत, यांना बाजूला ठेवा.

मी तोंड उघडलं होतं. मागं रांग होती. पाऊस वाढत होता. वास सोसत नव्हता आणि मला घरी जायचं होतं. कुणीतरी "उचला" म्हणालं. मी धोतराचं टोक वर ओढून ती डबी झाकली, म्हणजे दुसऱ्या कुणाला दिसून वाद नको. आणि पायाकडून उचललं.

पुढं चित्र काढलं. चेहरा विसरता येईना म्हणून काढलं, हे खरं. काळ्या जमिनीवर सरणांची रांग, पुढच्या सरणावर नक्षीची चौकट, तिच्यावर तो म्हातारा, छाती उघडी. डबी काढली नाही. काढली असती तर कुणीतरी विचारलं असतं. एका समारंभात पाहुण्यांनी म्हटलं, "हा माणूस कुठल्या जातीचा नाही, धर्माचा नाही, म्हणून तो सगळ्यांचा आहे." टाळ्या पडल्या. मी हात जोडले. त्या चित्राचं जे मोठेपण लोक सांगत होते, ते माझ्या भित्रेपणातून आलेलं होतं.

अहमदपूरला गाडी भरली. माझ्या शेजारी उदगीरकडचे एक व्यापारी बसले, कपाळाला भस्माचे पट्टे. उभ्या असलेल्या एका गृहस्थाशी त्यांचा वाद जुंपला होता.

"उदगीर जिल्हा होणार म्हणजे होणार. लातूर उस्मानाबादातून निघालं तवा बी लोक हसलेच व्हते."

"जिल्हा करून काय करता शेठ? कलेक्टर आंघोळ कशानं करंल?"

"लातूरचा कशानं करतोय?"

"रेल्वेनं!"

आता सगळी गाडी हसली. त्या वर्षी लातूरला पिण्याचं पाणी खरंच रेल्वेनं येत होतं. शेठजींच्या सदऱ्याच्या वरच्या उघड्या गुंडीतून दोरा दिसत होता. हसताना ते पुढं झुकले की डबी कापडाआडून उमटायची. चाकूरपर्यंत मी तिकडं पाहायचं टाळलं.

लातूरला उतरलो तो दुपार कलली होती. डाळमिलचा गोडसर धुरळा, क्लासच्या पाट्या, सायकलीच्या कॅरियरला दोन्ही बाजूंनी अडकवलेल्या घागरी. चौकातल्या हॉटेलात बसलो. पोऱ्या नव्हता, मालकच ऑर्डर घेत होता.

"चहा मिळंल. पाणी न्हाई."

"चहात नाही का पाणी?"

"तेवढंच हाय," तो म्हणाला. मग पाइपाकडं पाहून आवाज खाली आणला. "कुठं लागलं?"

लॉजवर एक बादली मिळाली, ती सकाळसाठी ठेवून मी तसाच झोपलो. झोप अशी आली नाही. उद्या त्या बाईला काय सांगायचं, ते मी आढ्याकडं पाहत घोकत होतो.

सकाळी औशावरून किल्लारीकडं जाणारी गाडी मिळाली. पुढं जीप. आमच्याकडच्यापेक्षा इथली जमीन काळी आणि सपाट, मैलभर नजर जाते. रस्त्याच्या एका अंगाला बाभळी माजलेलं रान दिसलं आणि त्यात मधूनच दगडांचे ढीग. "जुनं गाव," ड्रायव्हर म्हणाला आणि त्यानं गिअर बदलला.

फाट्यावर लिंबाखाली एक म्हातारा उभा होता. डोक्याला पांढरा पटका, हातात काठी. मी उतरताच पुढं आला.

"नायगावचे मास्तर का? म्या महानंदाचा चुलता. घरी जायच्या आदी जरा बसू."

पुलाच्या कठड्यावर बसलो. खाली नाला कोरडा होता. म्हाताऱ्यानं पाइपाकडं पाहिलं, पण बोअरचं विचारलं नाही.

"त्याच्यात हाय व्हय आमचा दादा?"

"हो."

"बघितला व्हता तुमी."

तो विचारत नव्हता.

"म्या त्या टायमाला कारखान्यावर व्हतो. आलो तर घरच सापडना, कुठली गल्ली न् कुठलं काय. तिसऱ्या दिवशी एकानं सांगितलं, तुझ्या भावाला खालच्या अंगाला नेलं. तिथं गेलो तर नुसती राख. भिजल्याली." त्यानं काठीनं माती उकरली. "पोरगी उदगीरला, सासरी. नुकतीच बाळंत झालेली. दूध आटलं असतं तिचं. सव्वा महिन्यानं आली, काय सांगू तिला? म्हणलं, बसवलं. म्या सोता बसवलं, हातात लिंग दिलं. वर दगड बांधला, विधीला जंगम बोलावला. मंग खरं सांगायचा दिवसच आला न्हाई बगा."

"मग समाधीत काय आहे?"

"राख हाय. पोतंभर आनली व्हती. कुणाची, ते देव जाणे." त्यानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "मास्तर, एकच मागतो. मनानं काढलं म्हणा. चित्रं मनानंच काढतेत की लोक. तुमचं काय जातंय?"

माझं काहीच जात नव्हतं, उलट सगळं वाचत होतं. त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं. लॉजवर घोकलेलं खरं मी तिथंच कठड्यावर सोडलं आणि "बरं" म्हणालो. एका म्हाताऱ्यावर दया केल्यासारखी मान हलवली.

नव्या गावात घरं एका मापाची, रांगेनं, क्रमांक टाकलेली. तरी माणसं पत्ता जुन्याच गावाचा सांगतात: वेशीतले, मारुतीमागचे, खालच्या आळीतले. महानंदाबाईंचं घर कडेला होतं. बाई चाळिशी ओलांडलेल्या, अंगानं उंच, बोलणं थेट. त्यांचे मालक लातूरला डाळमिलवर मुनीम. बाई माहेरची शेती पाहतात. दारात रांजण होता, त्याला झाकण आणि झाकणाला कुलूप.

"हसू नका सर. आमच्याकडं सोनं बाहेर ऱ्हातंय, पाणी कुलपात."

ओसरीवर सतरंजी अंथरली. मी गोणपाट सोडून चित्र बाहेर काढलं. कॅनव्हास पुन्हा पुन्हा गुंडाळत होता, म्हणून बाईंनी दोन कोपऱ्यांवर तांबे ठेवले, रिकामे. माझ्याबरोबर आलेले काका खांबाला टेकून बसले. त्यांनी चित्राकडं पाहिलं नाही, माझ्याकडं पाहत राहिले.

बाई गुडघ्यांवर बसल्या. पदर हातात धरून चित्रावर वाकल्या आणि बराच वेळ तशाच राहिल्या. मग म्हणाल्या, "सांगा."

"चेहरा मनातला आहे," मी म्हणालो. "आम्ही चित्रकार असे चेहरे जुळवतो. इथला एक, तिथला एक. तुमच्या वडिलांसारखा झाला, तो योगायोग."

काकांनी श्वास सोडल्याचं मला ऐकू आलं.

बाईंच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. खरंच उतरला, त्या हसल्यासुद्धा. "मला वाटलंच व्हतं. काका खोटं कशाला बोलतील?" त्या उठल्या, आत जाऊन चहा टाकला. आतून भांड्यांचे आवाज येत होते आणि त्यातूनच त्यांचा आवाज आला, सहज, शेजारणीशी बोलावा तसा.

"पर सर, मनानंच काढायचं व्हतं तर ह्याच्या छातीवर काहीतरी ठेवायचं की. माळ, तुळशी, ताईत, कायतरी. आमच्या गावात बिनदोऱ्याचा म्हातारा दावा मला एक! उगंच उघडं कामून ठेवलं त्याला?"

मनानं काढणारा माणूस काहीतरी घालतो. रिकामी जागा ठेवतो, तो तिथलं काहीतरी लपवणारा. बाई कपबशा घेऊन बाहेर आल्या आणि माझ्याकडं पाहून उंबऱ्यातच थांबल्या.

"होतं," मी म्हणालो. "गळ्यात लिंग होतं. चांदीची डबी. मी काढलं नाही चित्रात."

"मास्तर!" काका म्हणाले.

"मी पाहिलं होतं त्यांना. मीच उचललं, पायाकडून. डबी दिसली होती. धोतरानं झाकली."

"कामून?" बाईंनी विचारलं. आवाज चढला नव्हता.

"कुणाला दिसली असती तर थांबावं लागलं असतं. मला थांबायचं नव्हतं."

त्यांनी कपबशा खाली ठेवल्या. एकातला चहा बशीत सांडला होता, तो पुन्हा कपात ओतला. मग काकांकडं वळल्या. "आन् तुमी बसवलेलं कोण?"

म्हाताऱ्यानं पटका काढून मांडीवर ठेवला आणि पुलावर मला सांगितलेलं सगळं पुन्हा सांगितलं, अडखळत, उलटसुलट. पोतं, भिजलेली राख, जंगम. बाळंतपण सांगताना रडला. बाई रडल्या नाहीत.

"म्हंजी इतकी वर्सं," त्या म्हणाल्या, "मी आख्ख्या गावाला बेल वाहून राहिले."

मी चित्र गुंडाळायला हात घातला, तेव्हा त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. जेवून घ्या आदी. म्या बोलावलंय तुमाला, उपाशी धाडणार न्हाई." ज्वारीची भाकरी, घुटं (उडदाची घोटलेली पातळ डाळ) आणि शेंगांची चटणी. वाढताना त्या माझ्याकडं पाहत नव्हत्या. भाकरी ताटात पडत होती, ती जरा जोरात. मी मुकाट्यानं खाल्लं. त्या जेवल्या नाहीत, काकाही नाहीत.

हात पुसताना मी म्हणालो, "मी दुसरं चित्र काढून देतो. अप्पांना बसवलेलं. हातात लिंग, अंगावर फुलं. जसं व्हायला हवं होतं तसं."

पहिल्यांदा त्यांना राग आला. "बसवलं न्हाई तर बसवल्यालं कामून काढता? परत खोटं? एक समाधी खोटी हाय, तेवढी पुरे." मग बोट चित्राकडं. "हे हॉलात लागंल. जाळ हाय तसा ऱ्हाऊ द्या. फकस्त डबी काढा. व्हती ती काढा. माझ्यासमोर."

चित्राला प्रवासात तडे गेले तर डागडुजी करायला मी थोडे रंग आणि जवसाच्या तेलाची बाटली आणली होती. सभागृहात गेलो. सरपंचांनी चौकट तयार ठेवली होती. तिच्यावर कॅनव्हास ताणून खिळे मारले आणि भिंतीला टेकवून मी खाली बसलो. सरपंच अस्वस्थ झाले. "सर, बक्षिसाचं चित्र हाय. बिघडलं म्हंजी?"

"बिघडल्यालंच हाय ते," बाई म्हणाल्या.

त्यांनी स्वतःच्या गळ्यातली डबी काढली आणि तळहातावर माझ्यासमोर धरली. "बघून काढा." पण मला पाहायची गरज नव्हती. त्यांच्या वडिलांची याहून मोठी होती, बसकी, आणि वरच्या बाजूला एक टोक चेपलेलं. ते मी रंगवलं तेव्हा मागून काका म्हणाले, "बैलगाडीखाली आली व्हती. लहान व्हतो आमी." ते कधी आत येऊन उभे राहिले होते, कळलं नाही.

बातमी गावभर झाली. माणसं येत राहिली, चपला काढून उभी राहत राहिली. कुणी काही मागितलं नाही. एका बाईनं सांगितलं, आमच्या सासूच्या हातात चुडा होता. दुसरी म्हणाली, नको बाई, आमचं काही काढू नका, मला झोप येणार न्हाई. चाँदभाई म्हणून गावातले शिंपी होते, गळ्यात अजून माप घ्यायची पट्टी. ते सगळ्यात शेवटी पुढं आले.

"मास्टर, आमची फुप्पू (आत्या) बी तिथंच गेली. आमच्यात बी दफनच करतेत."

मी ब्रश थांबवला. "काय काढू?"

"कुछ नै. आमच्यात तस्वीर चालत न्हाई." ते हसले, मग हसू अर्ध्यात राहिलं. "सांगून ठेवलं फकस्त. कुणी तरी उचललंच असंल ना तिला."

ती मीच उचलली होती की नाही, हे मला माहीत नाही. ते मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि ते दुकानाकडं गेले.

संध्याकाळच्या आत मला निघायचं होतं. डबी पूर्ण झाली होती, दोरा पूर्ण झाला होता. तैलरंग ओला असतो तोवर जास्त चकाकतो. जाळाच्या तांबड्यात तो चांदीचा तुकडा इतका उठून दिसत होता की आता चित्रात आधी तोच दिसायचा. ज्याला लोक सगळ्यांचा माणूस म्हणत होते, तो आता महानंदाबाईंचा अप्पा झाला होता. चित्र म्हणून ते पूर्वीपेक्षा चांगलं झालं की वाईट, मला सांगता येत नाही. मी सही केलेला कोपरा पुन्हा पाहिला नाही.

बाईंकडं माफी मागितली. त्या म्हणाल्या, "ते मला जमंल का, म्हाईत न्हाई. तुमी या आता, गाडी जाईल." फाट्यावर सोडायला कुणी आलं नाही, आणि ते योग्यच होतं.

परतीचा प्रवास त्याच रस्त्यानं झाला. लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा. घरी आलो, तेव्हा बायकोनं विचारलं, "काय झालं?" आणि मी तिला सगळं सांगितलं, धोतराच्या टोकापासून. तिनं मध्ये एकदाही थांबवलं नाही. शेवटी एवढंच म्हणाली, "आणि इतकी वर्षं माझ्या शेजारी झोपत होतात."

महिन्याभरानं महानंदाबाईंचा फोन आला.

"दोन सोमवार गेले न्हाई समाधीला. तिसऱ्याला गेले. रागानं बसून ऱ्हायले, बेल वाहिला न्हाई. काल वाहिला." मग जरा थांबून, "एक सांगायचं व्हतं. तुमचा रंग लवकर वाळत न्हाई का?"

"जवसाच्या तेलातला आहे. वेळ लागतो."

"तेच. काका रोज हॉलात जाऊन बघून राहिलेत, वाळला का म्हणून. बोट लावून. आता डबीवर त्यांच्या बोटाचा ठसा उमटलाय, चांगला ठळक. सरपंच वरडून राहिलेत."

"मी येऊन नीट करून देतो," मी म्हणालो. "एका दिवसाचं काम आहे."

पलीकडं मागं कुठंतरी टँकर आल्याची ओरड चालली होती, घागरी आपटत होत्या.

"नगा," त्या म्हणाल्या. "काका आयुष्यभर म्हणत आले, म्या दादाच्या हातात लिंग दिलं. आता कुठं त्यांचा हात लागला त्याला. ऱ्हाऊ द्या तसंच."